घरखर्चाचा खेळ कसा बनवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढाताणीत चाललेल्या एका घराचा महिना कसा भागतो, हे दाखवणारा पत्त्यांचा छोटा खेळ मी बनवला आहे. शाळांत आणि बचत गटांच्या बैठकांत तो खेळवताना शिक्षक, कार्यकर्ते आणि खेळ बनवायला शिकणारी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. तुमचा खेळ तुम्ही वेगळा बनवाल, बनवायलाच हवा.

खेळात नेमकं काय करायचं असतं?

तीन-चार जण मिळून एकच घर चालवतात. एक महिना म्हणजे चार आठवडे, म्हणजे चार फेऱ्या. फेरीच्या सुरुवातीला मजुरी हातात येते. ती समोरच्या डब्यांत वाटायची: किराणा, भाडं, औषध, शाळा, हप्ता. मग प्रसंगाचा एक पत्ता उचलायचा आणि जे कमी पडेल त्याची तोंडमिळवणी कशी करायची ते ठरवायचं. एका महिन्याला पाऊण तास लागतो. तीन महिने खेळलात तरच उधारीची खरी चव कळते, कारण पहिल्या महिन्यात घेतलेलं दुसऱ्यात अंगावर येतं.

खेळाडूंना एकमेकांविरुद्ध बसवू नका. घर एकच, निर्णय सगळ्यांचा. औषध आधी की शाळेची फी, यावर चौघांत जी वादावादी होते ती ऐकण्यासाठीच तर हा खेळ आहे.

कुटुंब सोलापूरचंच का?

कारण मी तिथल्या पूर्व भागात वाढलो आणि ते घर मला आतून ठाऊक आहे. खेळातलं कुटुंब पाच जणांचं आहे. नवरा यंत्रमागावर, त्याची मजुरी आठवड्याची. बायको घरी विड्या वळते. सासूला मधुमेह आहे. दोन मुलं, एक पाचवीत आणि एक नववीत.

विडीचं काम खेळात आणलं ते मुद्दाम. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पान बोटांत धरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. पैसे नगावर मिळतात, दर हजार विड्यांमागे. म्हणजे त्या बाईच्या कमाईत तिचा प्रत्येक तास मोजलेला असतो. सासूला दवाखान्यात नेलं की तेवढ्या विड्या कमी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं आणि भरायला तास गेला, की तेवढ्या विड्या कमी. महिन्याचा पगार असलेल्या घरात वेळ आणि पैसा वेगळे असतात, इथे ते एकच असतात. म्हणून आमच्या खेळात वेळेच्याही सोंगट्या आहेत आणि दवाखान्याच्या पत्त्यावर दोन किमती आहेत, एक रुपयांत आणि एक तासांत.

महिन्याचा हिशेब जुळत असेल तर मग खेळ अवघड कुठे आहे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या खेळातले आकडे असे. नवऱ्याचे आठवड्याला २,८०० आणि बायकोचे १,१००. चार आठवड्यांचे मिळून १५,६००. त्यात लाडक्या बहिणीचे १,५०० धरले की जमा १७,१००. आता खर्च. भाडं ३,०००. किराणा आणि भाजी आठवड्याला १,५०० प्रमाणे ६,०००. दूध ९००, गॅस ८६०, लाइट बिल ७००, शाळा आणि शिकवणी ८००, सासूची औषधं ९००, गटकर्जाचा, म्हणजे बायकांनी एकमेकींच्या हमीवर घेतलेल्या कर्जाचा, हप्ता आठवड्याला ५५० प्रमाणे २,२००, पेट्रोल आणि रिक्षा ८००, मोबाइलचे रिचार्ज ५००. बेरीज १६,६६०. शिल्लक ४४०.

हे पाहून वर्गातला कुणीतरी हमखास म्हणतो की भागतंय की. मग त्याला पहिला आठवडा मांडायला सांगा. हातात ३,९०० आले. घरमालक एक तारखेला दारात, त्याचे ३,०००. हप्त्याची बाई बुधवारी येणार, ५५०. किराणा आणि भाजी १,५००. झाले ५,०५०. महिना पुरता सुरूही झाला नाही आणि १,१५० कमी. लाडक्या बहिणीचे पैसे महिन्यात कधी येतील याची तारीख नाही.

खेळ या १,१५० रुपयांचा आहे. महिन्याच्या बेरजेवर खेळ उभा केलात तर तो गणिताचा तास होतो. पैसा कधी येतो आणि कधी जातो यावर उभा केलात, तर खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत पोटात गोळा येतो, आणि त्या घरच्या बाईच्या पोटात तो दर एक तारखेला येतो.

ही तूट भरायला कोणकोणते मार्ग द्यावेत?

खऱ्या घरात जेवढे असतात तेवढे सगळे. बँक आणि सावकार असे दोनच पर्याय ठेवले की खेळ लगेच खोटा वाटतो. आमच्या खेळात सहा मार्ग आहेत.

सर्वांत आधी किराणा दुकानदाराचं खातं. व्याज शून्य. पण वही वाढली की भाव करता येत नाही, आणि दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळत असलं तरी जाता येत नाही. खेळात खात्यावरचा माल शेकडा पाचने महाग धरला आहे.

मग शेजारची उसनवारी. वाटीभर साखर, दोनशे रुपये. याला पैशांची परतफेड असतेच, शिवाय शेजारणीचा पत्ता निघाला की आपल्यालाही द्यावं लागतं, घरात काही नसलं तरी.

बचत गटाचं अंतर्गत कर्ज बहुतेक ठिकाणी महिन्याला शेकडा दोन दराने असतं. दोन हजारांवर चाळीस रुपये, आणि ते व्याज गटातच राहतं, म्हणजे आपल्याच पैशांत. एवढं स्वस्त असूनही सगळे तिथे का जात नाहीत, असं मुलं विचारतात. कारण गटाची बैठक महिन्यातून एकदा आणि गरज आज संध्याकाळी. म्हणून खेळात गटाचं कर्ज फक्त दुसऱ्या आठवड्यात मिळतं.

भिशी माझी सर्वांत आवडती. दहा बायका, दरमहा पाचशे, वाटीत चिठ्ठ्या. ज्या महिन्यात आपली चिठ्ठी निघेल त्या महिन्यात पाच हजार. पहिल्या महिन्यात निघाली तर ते बिनव्याजी कर्ज, दहाव्यात निघाली तर ती बचत. खेळताना खरोखर वाटी ठेवा आणि खऱ्या चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी उलगडताना टेबलाभोवती जी शांतता होते ती मोबाइलच्या पडद्यावर येत नाही.

पाचवा मार्ग सोनं गहाण ठेवण्याचा. मंगळसूत्राचा पत्ता एकच आहे आणि ते गहाण ठेवलं की गळ्यात नाही हे गटाच्या बैठकीतही दिसतं. खेळात आम्ही त्याला पैशांशिवाय कुठलाही दंड लावला नाही. तरीही लोक तो पत्ता शेवटपर्यंत हातातून सोडत नाहीत.

शेवटचा मार्ग सावकाराचा. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे; पण गल्लीतला पैसेवाला परवाना दाखवत नाही आणि मागायची कुणाची हिंमत नसते. खेळात त्याचा दर महिन्याला शेकडा दहा. त्यातही तो व्याज आधी कापून घेतो: दोन हजार लिहायचे, हातात अठराशे. नुसतं व्याज भरत राहिलात तर दहा महिन्यांत दोन हजार भरून होतात आणि मुद्दल जागचं हलत नाही. हे शब्दांत सांगू नका. दहा सोंगट्या घ्या आणि एकेक करून सावकाराच्या बाजूला सरकवा. मुलांना तेवढं पुरतं.

गटकर्जाचा हप्ता वेगळा का ठेवला? तोही कर्जच ना?

कर्जच, पण तो चुकवता येत नाही. पाच-दहा बायकांनी एकमेकींची हमी घेतलेली असते. एकीने भरला नाही तर बाकीच्या दारात येऊन बसतात. म्हणून आमच्या खेळात हप्ता चुकला तर दंड पैशांचा नाही: शेजाऱ्यांची मदत मिळवून देणारे शेजारधर्माचे सगळे पत्ते परत द्यायचे.

एक हिशेब इथे आवर्जून दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्मकर्ज, आणि त्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आमच्या कुटुंबाची मजुरी १५,६००. म्हणजे नियमाने ७,८०० पर्यंत हप्ते चालतील. आणि आपण वर पाहिलं की २,२०० चा हप्ता भरून हातात ४४० उरतात. नववीतला मुलगासुद्धा हे दोन आकडे शेजारी लिहून थांबतो आणि विचार करू लागतो.

सरकारी योजना खेळात घ्याव्यात का?

घ्याव्यात, आणि जशा पोचतात तशा घ्याव्यात.

रेशन: अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, अंत्योदयाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो. पण प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्रात शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. म्हणून आम्ही दोन कुटुंबपत्रिका केल्या. सगळं सारखं, फक्त एका घराला धान्य मिळतं आणि दुसऱ्याकडे केशरी कार्ड असूनही मिळत नाही. वर दिलेला हिशेब धान्य मिळणाऱ्या घराचा आहे. दुसऱ्याला तेच धान्य खेळात ९०० रुपयांना पडतं, आणि ४४० ची शिल्लक ४६० च्या तुटीत जाते.

लाडकी बहीण योजना २०२४ ची: २१ ते ६५ वयाच्या बाईला, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, महिना १,५००. पहिल्यांदा पैसे आले ते ऑगस्ट २०२४ मध्ये दोन महिन्यांचे एकदम. खेळात त्यासाठी फासा टाकतो. पाच किंवा सहा पडले तर या महिन्याचे पुढच्या महिन्यात. रक्कम तेवढीच राहते, पण मधल्या आठवड्यांत घर कुणाकडे हात पसरतं ते पाहा.

चुकीचा खर्च केला तर गुण कापावेत का?

नाही. हे मी चूक करून शिकलो. पहिल्या आवृत्तीत मी खर्चाचे दोन रंग केले होते, गरजेचा हिरवा आणि चैनीचा लाल. लाल पत्त्याला दोन गुण वजा. एका बचत गटात खेळ चालला होता. जानेवारीचा पत्ता निघाला: सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मुलांना पाळण्यात बसायचंय, १०० रुपये. एका मावशींनी क्षणाचाही विचार न करता शंभर दिले. मी गुण वजा केले. त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि शांतपणे विचारलं की वर्षातून एकदा पोरांना पाळण्यात बसवलं हे माझ्या वहीत चूक म्हणून लिहिणारा तू कोण. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी लाल रंग काढून टाकला.

यामागे एक मोठी गोष्टही आहे आणि खेळ बनवणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी. अमेरिकेत डरहॅम शहरातल्या एका सेवासंस्थेसाठी २०११ मध्ये ‘स्पेंट’ नावाचा संगणकावरचा खेळ तयार झाला. हातात हजार डॉलर, महिना काढून दाखवा. तो खूप गाजला. पुढे येल विद्यापीठातल्या जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडियो या अभ्यासकांनी, हा खेळ खेळून गरिबांबद्दलची दृष्टी बदलते का, ते तपासलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेळाडूंच्या मनातली सहानुभूती वाढल्याचं दिसलं नाही, काहींच्या बाबतीत उलटाच परिणाम झाला. कारण खेळात सूत्रं खेळाडूच्या हाती असतात. नीट निवड केली की निभावतं असं त्याला वाटतं, आणि मग खऱ्या माणसालाही नीट निवड करता आली असती, असं तो म्हणू लागतो.

म्हणून आमच्या खेळात काही फेऱ्यांत निवडच नाही. पत्ता उचलायचा, पैसे द्यायचे, पुढे जायचं. सूत आलं नाही, माग तीन दिवस बंद, मजुरी निम्मी. यात खेळाडूचं कौशल्य काही कामाचं नाही. तो चिडतो. चिडू द्या, आणि नियम सौम्य करू नका.

नवऱ्याच्या दारूचा पत्ता का नाही?

सुरुवातीला होता. प्रत्येक वर्गात चर्चा तिथेच जाऊन संपायची: दारू सोडली की सगळं सुटेल. भाडं, हप्ता, मजुरी यांवर कुणी बोलेना. आणि ज्या मुलाच्या घरी ते खरोखर घडत होतं तो मान खाली घालून बसायचा. मी तो पत्ता काढला. दारूमुळे घरं बुडतात हे मी पाहिलं आहे, पण चार अनोळखी मुलांच्या घोळक्यात ते उघड करण्याची जागा हा खेळ नव्हे.

प्रसंगांचे पत्ते किती आणि कसे?

आमच्याकडे ३६ आहेत. निम्म्याहून जास्त साधे ठेवा: पाहुणे आले, गॅस संपला, चप्पल तुटली. मोठं आजारपण एकच पुरे. संकटांची रांग लावली की खेळाडू सुन्न होतो आणि हिशेब करायचं सोडून देतो.

पत्ते महिन्यांना बांधा. जूनमध्ये शाळा उघडते: दप्तर, वह्या, गणवेश, रिक्षाचा आगाऊ महिना. मे महिना लोकांच्या ध्यानातच येत नाही. शाळा बंद म्हणजे शाळेतला पोषण आहारही बंद, पाचवीतलं मूलही दुपारी घरी जेवणार, शिवाय मामाकडची भावंडं आलेली. खेळात मे महिन्याचा किराणा आठवड्याला २०० ने जास्त आहे. उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र चालतो आणि लाइट बिल शंभर युनिटांच्या वर जातं, तिथून पुढचा दर चढा. सोलापूरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पंखा बंद ठेवा असं कुणाला सांगणार?

घराचा एक पत्ताही आहे. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. अशा ठिकाणी स्वतःचं घर झालं की वहीतली भाड्याची तीन हजारांची ओळ जाते आणि कामाला शहरात येण्याचा प्रवास वाढतो. हा पत्ता निघालेल्या घराचे पुढचे दोन महिने बाकीच्यांनी नीट बघावेत. कुठलीही काटकसर एवढा फरक पाडत नाही.

मग जिंकायचं कसं?

जिंकायचं नसतं. लहानपणी आपण सगळे ‘व्यापार’ खेळलो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी यांच्या खेळात आहे, १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या. जमिनीचं भाडं एकाच्या घशात कसं जातं आणि बाकीचे कसे कंगाल होतात ते लोकांना दिसावं, हा त्यांचा हेतू. पुढे लोकांनी दुसऱ्याला कंगाल करण्यातली मजा तेवढी ठेवली. हे उदाहरण मी नेहमी समोर ठेवतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आम्ही फक्त पाच गोष्टी वाचून दाखवतो: मुलं शाळेत आहेत का, सासूची औषधं चुकली का, कुणाचं किती देणं आहे, मंगळसूत्र घरात आहे का, आणि शेजारधर्माचे पत्ते किती उरले. प्रत्येक गटाचं चित्र वेगळं येतं. बेरीज करू नका.

मोबाइलवर बनवावा का?

आधी कागदावर. नियम रोज बदलतात तेव्हा कात्री आणि पेन हाताशी असलेलं बरं. जाड कागद, रिकाम्या काड्यापेट्यांचे डबे आणि सोंगट्यांसाठी चिंचोके एवढ्यावर आमचे पहिले दहा संच झाले.

आकडे कुठून मिळवावेत?

तुमच्या गावात विचारून. माझे आकडे सोलापूरच्या एका कल्पित घराचे आहेत, तसेच उचलू नका. एखादी ओळखीची बाई राजीखुशीने दाखवत असेल तर तिची किराणा वही महिनाभर पाहा. नाव लिहून घेऊ नका, फोटो काढू नका. वहीत दिसेल की तेल पाव किलो, पाव किलो असं आणलं जातं. पंधरा किलोचा डबा किलोमागे स्वस्त पडतो हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, पण डब्याचे पैसे एकदम कुठून आणायचे? खेळात दोन्ही पत्ते ठेवा, सुटं तेल आणि डबा. तीन महिन्यांत डबा घेणारा गट मला आजवर एकदाच दिसला, आणि त्यांची भिशी पहिल्याच महिन्यात निघाली होती.

वर्गात खेळवताना कोणती काळजी घ्यावी?

वर्गातल्या काही मुलांसाठी हा खेळ नसतोच, ते त्यांचं घर असतं. ‘तुमच्या घरी कसं करतात’ हा प्रश्न कधीही विचारू नका. खेळातल्या घराबद्दलच बोला. ज्याला सांगायचं असेल तो तास संपल्यावर येतो. एकदा एक मुलगी येऊन एवढंच म्हणाली की आईने भिशीचे पैसे माझ्या शिबिराला दिले होते हे मला आज कळलं. मी काही बोललो नाही, तिला पत्त्यांचा एक संच दिला.

आमच्या भागासाठी खेळ कसा बदलावा?

आधी पैसा येण्याची लय शोधा, बाकी सगळं तिच्यामागून येतं. कोकणातल्या मच्छीमार घरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, नेमकी शाळा उघडायच्या वेळी. तिथे फेरी आठवड्याची ठेवलीत तरी दोन महिने मजुरीचा पत्ता कोरा लागेल. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात पैसा वर्षातून एकदाच, कापूस विकला की. तिथे आठवडा उपयोगाचाच नाही.

बीडच्या ऊसतोड कुटुंबासाठीचा खेळ सध्या माझ्या टेबलावर अर्धवट पडून आहे. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली, आणि मग महिनोन्‌महिने ती फेडत राहायचं. म्हणजे पैसा आधी येतो आणि काम नंतर. माझे सगळे नियम उलट्या बाजूने लिहावे लागताहेत. सध्या पहिल्या फेरीत खेळाडूच्या हातात भरपूर सोंगट्या देतो आणि त्या सगळ्या जुनं देणं, दवाखाना आणि मुलीचं लग्न यांत त्याच फेरीत संपतात. पुढच्या फेऱ्यांत त्याने नेमकं काय वाटायचं, ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना विचारायला या दिवाळीआधी जाणार आहे.